पोरगं कॉम्प्युटरला घालताना

सभासद बंधू-भगिनींनो,

दहावी-बारावीचे निकाल लागले की गट ऑफिसात बेण्या-खताइतकाच एक प्रश्न ऐकू येतो, "साहेब, पोराला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घालू का? फी भरायला ऊसबिल पुरंल का?" म्हणून याबाबत चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम खरे ते सांगतो. या नोकरीतले रोजचे काम म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम वाचणे, त्यातली चूक हुडकणे आणि गिऱ्हाइकाला नेमके काय पाहिजे ते विचारून घेणे. हे बरेचसे काम करता करताच अंगवळणी पडते. इन्फोसिससारखी कंपनीसुद्धा नव्या पदवीधरांना मैसूरच्या केंद्रात आधी काही महिने शिकवते, मगच कामाला लावते.

मग पदवी वाया म्हणायची का? तसेही नाही. समजा, कारखान्याच्या १६,००० सभासदांच्या यादीत एक खाते शोधायचे आहे. एकेक नाव बघत गेल्यास १६,००० नावेही बघावी लागतील. तीच यादी क्रमाने लावली, दरवेळी मधले नाव बघून नको ती निम्मी यादी सोडली, तर जास्तीत जास्त १४ नावांत खाते सापडते. दुसरे असे, काट्यावर गाडीचे वजन नोंदले आणि खात्यावर टनेज चढायच्या आत वीज गेली तर? दोन्ही नोंदी पुऱ्या व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये, अशी व्यवस्था प्रोग्रॅममध्ये असावी लागते. नाहीतर ऊस गाळला जाईल आणि बिलात दिसणार नाही! ही मुळातली विद्या पदवीत शिकवतात.

आपल्या रानातही हेच आहे. ऊस पिवळा पडला की युरिया टाकणारे पुष्कळ. पण पिवळेपणा आधी जुन्या पानांवर आला तर नत्र कमी आहे असे समजावे. चुनखडीच्या रानात कोवळी पाने पांढरट पडली तर तो लोहाअभावी पडलेला केवडा. तिथे हिराकस पाहिजे, युरियाची पोती फुकट जातात. रोजच्या पाण्या-भांगलणीला हे ज्ञान लागत नाही, अडल्यावर मात्र तेच पीक वाचवते.

वाटाही एकापेक्षा जास्त आहेत. बारावीनंतर इंजिनिअरिंगची पदवी ४ वर्षांची, तर बी.सी.ए. ३ वर्षांत होते. दहावीनंतर ३ वर्षांची पदविका केल्यास पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. मात्र काही कंपन्या पदवी नसलेल्यांचा अर्जच घेत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

तेव्हा रान गहाण टाकण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. मुलगा असो वा मुलगी, सुट्टीत घरच्या उसाच्या खर्चाचा हिशेब करणारा छोटा प्रोग्रॅम त्यांना स्वतः लिहायला सांगा. चुकला तरी पुन्हा बसावेसे वाटते का, ते बघा. आणि कॉलेजची इमारत बघून भुलू नका. तिथून बाहेर पडलेल्या मुलांना गाठून, कोण कुठल्या कामाला लागले ते विचारा. बेणे बघितल्याशिवाय आपण लागण करत नाही, मग इथेच घाई का?

आपला,
ऊस विकास अधिकारी