वाळूला हात लावू नका!

दिवाळी अंकात चकल्या, करंज्या, आकाशकंदील हे विषय सोडून हा गृहस्थ वाळूवर काय लिहीत बसला आहे, असे वाचकांना वाटेल. त्यातून मी पडलो मराठीचा प्राध्यापक. वाळूशी माझा आजवरचा संबंध एवढाच, की वाळू आणि तेल यांचा दाखला देणारा वामन पंडितांचा श्लोक वर्गात शिकवायचा आणि त्यातला मूर्ख कसा ओळखावा हे मुलांना विचारायचे. गेल्या दिवाळीत त्याचे उत्तर मला घरातच मिळाले.

झाले असे. आमच्या मुक्ताच्या दहाव्या वाढदिवसाला अंधेरीच्या आमच्या दोन खोल्यांत काचेची एक पेटी आली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. माझ्या पिढीने शाळेच्या सहलीत मरीन ड्राइव्हवरचे, १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय पाहिलेले. तिथले मासे अजून डोळ्यांपुढे आहेत; पण त्यांच्या खाली वाळू कसली होती, हे विचाराल तर सांगता यायचे नाही. मासे पाहावेत, वाळूकडे कोण बघतो?

तेव्हा वाळू म्हणजे फुकटची वस्तू, अशा समजुतीने मी एका सकाळी वेसाव्याच्या किनाऱ्यावरून पिशवी भरून आणली. सुदैवाने आमच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे सहकारी त्याच संध्याकाळी चहाला आले. त्यांनी चमचाभर वाळू बशीत घेतली, तीवर व्हिनेगरचे चार थेंब टाकले. बशीत बारीक फेस फसफसू लागला.

"सर, ही वाळू नव्हे, शिंपल्यांचा चुरा आहे," ते म्हणाले. "यातला चुना हळूहळू पाण्यात उतरणार. आपल्या नळाला तानसा-वैतरणा-भातसाचे मऊ पाणी येते, तेच पुष्कळ गोड्या पाण्यातल्या माशांना मानवते. ही वाळू ते जड करून टाकील. शिवाय हिच्यात खारटपणा आहे तो निराळाच."

पिशवी होती तशी किनाऱ्यावर परत गेली. एका पिशवीने समुद्र ओस पडत नाही हे खरे. पण अंधेरीतल्या प्रत्येक घराने एकेक पिशवी आणली तर?

मग मी शेजारच्या इमारतीच्या कामावरून घमेलेभर रेती मागितली. मुकादमाने हसत दिली. ही बशीत फसफसली नाही, पण बोटांनी चोळताच टोचली. आता बांधकामावर नदीची रेती क्वचितच दिसते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली पर्यावरणाच्या परवानगीवाचून वाळू उपसण्यास मनाई केली, आणि काळा दगड यंत्रात भरडून केलेल्या रेतीला दिवस आले. आमच्या अंधेरीचा गिल्बर्ट हिल सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा; हा काळा दगडही त्याच जातीचा. नदीची वाळू पाण्यात लोळून लोळून गोल झालेली असते. ही कालच यंत्रातून निघालेली, कडा धारदार. मुक्ताला हवे होते कोरिडोरस नावाचे मिशाळ मासे, जे दिवसभर तळ हुंगत फिरतात. अशा रेतीने त्यांच्या मिशा झिजतात, जखमा होतात.

शेवटी कुर्ल्याच्या रंगीत माशांच्या बाजारातून सिलिकाची धुतलेली वाळू विकत आणली. सिलिका म्हणजे काचेचा कच्चा माल. सिंधुदुर्गात कासार्डे भागात तिच्या खाणी आहेत. ती पाण्यात काही सोडत नाही, पाण्यातून काही घेत नाही. दाणा एक ते दोन मिलिमीटरचा असावा. फार बारीक वाळू घट्ट बसते, फार जाड असली तर उरलेले अन्न फटींत जाऊन कुजते. आमच्या पेटीत दोन इंचांचा थर द्यायला सुमारे चौदा किलो लागली. पाण्यासकट हा भार साठ किलोंच्या वर जातो, तेव्हा टेबल कुरकुरणारे नको.

तांदूळ धुवावेत तशी ती बादलीत थोडी थोडी करून पाच-सहा पाण्यांनी धुतली. मागे थर जरा उंच, पुढे उतरता ठेवला. पाणी ओतताना वाळूवर बशी ठेवली, म्हणजे खड्डा पडत नाही. मासे आले, रुळले, आणि एक वर्ष कसे गेले कळले नाही.

मग आली दिवाळी. सौ.ने माळ्यावरचे डबे काढले, आणि मलाही हुरूप आला. वाळूवर तपकिरी थर दिसत होता. मासे जुन्या पाण्याच्या बादलीत ठेवले, सगळी वाळू नळाखाली खळखळून धुतली, दोन दिवस गच्चीवर उन्हात वाळवली, गाळणीचा स्पंजही पिळून पिळून स्वच्छ केला. पेटी आरशासारखी चमकू लागली. लक्ष्मीपूजनाला मी सर्वांना ती अभिमानाने दाखवली.

भाऊबीजेच्या सकाळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडत होते. दुपारपर्यंत तीन गेले. मुक्ता रडली नाही. तिने एवढेच विचारले, "बाबा, आपण इतके स्वच्छ केले, तरी कशाने मेले?"

आमच्या सहकाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, "तरी नव्हे, म्हणून." मासे पाण्यात सतत अमोनिया सोडतात, आणि तो त्यांनाच विष ठरतो. वाळूच्या दाण्यादाण्यावर आणि स्पंजात राहणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचे बरेच निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळातल्या क्लोरिनने आणि गच्चीवरच्या उन्हाने मी ती एका सुट्टीत उठवली होती.

त्यांनी आपल्या पेटीतली ओंजळभर जुनी वाळू मलमलीच्या पुरचुंडीत बांधून आणली आणि आमच्या पेटीत ठेवली. विरजण लावावे तसे! अन्न अगदी थोडे, आणि रोज पाव हिस्सा पाणी बदलायचे. तेही क्लोरिन उडून जावे म्हणून दिवसभर उघडे ठेवलेले. महिनाभर हे व्रत चालले. उरलेले पाच मासे वाचले.

आता आमचा नेम ठरलेला आहे. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलताना नळी वाळूच्या बोटभर वर धरून तेवढी घाण ओढून घ्यायची. वरचा थर अधूनमधून बोटांनी हलकेच हलवायचा, म्हणजे तो घट्ट बसत नाही. कोठे काळा डाग दिसला आणि कुजक्या अंड्याचा वास आला, तर तळाशी हवा पोचत नाही असे समजावे. तेवढाच भाग थोडा थोडा मोकळा करावा, सारी पेटी उपसू नये. स्पंज धुवायचा तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच.

यंदा सौ.ने दिवाळीच्या साफसफाईची यादी फ्रिजवर लावली आहे. पंखे, माळा, जाळ्या, माझी पुस्तके. यादीच्या तळाशी मुक्ताने लाल पेन्सिलीने लिहिले आहे, "माशांची पेटी नाही." आणि त्याखाली, माझे वाचायचे राहील म्हणून बहुधा, "बाबा, नक्की नाही."