‘अंतर्धान’ : एक अर्थविचार

‘अंतर्धान’ हा शब्द ‘अंतर्’ व ‘धा’ (ठेवणे) यांपासून सिद्ध झाला आहे. त्याच्या मूलार्थात नाशाची कल्पना नाही. आख्यानातील देव वर देऊन अंतर्धान पावतो, तो स्वेच्छेने. त्याचे पुनश्च प्रकट होणे श्रोत्यास अशक्य वाटत नाही. अरबी मूळचा ‘गायब’ मात्र केवळ अनुपस्थिती सांगतो. मुरुड परिसर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता व तेथील राजभाषा उर्दू होती. अशा प्रदेशात पहिला शब्द पोथी-कीर्तनातून, तर दुसरा व्यवहारातून कानी पडणे स्वाभाविकच होय. ‘बेपत्ता’ या शब्दात शोध घेणाऱ्याची दृष्टी आहे. हरवलेल्या माणसास ‘अंतर्धान पावला’ म्हटल्यास आप्तांच्या दुःखाचा उपहास होतो. सारांश, हे शब्द परस्परांचे पर्याय नव्हेत.