मग बाकीचे का बुडाले?

चिपळूणच्या मुलाला नोहाची गोष्ट सांगणं सोपं नाही. चित्रांच्या पुस्तकातलं तारू गोजिरवाणं असतं. खिडकीतून मान काढलेला जिराफ, फळीवरून जोडीजोडीने चढणारे ससे, वर ठसठशीत इंद्रधनुष्य. पण २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, दुकानं गिळत वर चढलं आणि लोकांनी माळ्यांवर, गच्च्यांवर जीव मुठीत धरून वेळ काढला. ज्या मुलाने ते आईच्या कडेवरून पाहिलं, त्याला पूर ओसरल्यानंतरच्या चिखलाचा वास ठाऊक आहे. त्याला जिराफाचं कौतुक नसतं. त्याचा प्रश्न सरळ असतो: तारवात आठच माणसं होती ना, मग बाकीचे का बुडाले?

घरी मुलांना श्रद्धेविषयी काही सांगू पाहणाऱ्या ख्रिस्ती आईबापांची खरी परीक्षा इथे सुरू होते. ‘ते पापी होते’ हे उत्तर जिभेवर तयार असतं, कारण उत्पत्तीच्या पुस्तकात तसं लिहिलेलंच आहे. पण मूल तिथे थांबत नाही, ते ओळखीच्या माणसांकडे वळतं. पुरात गेली ती माणसंही पापी होती का? इथे ठामपणे ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे, आणि तसं म्हणायला बायबलचाच आधार आहे. नोहाच्या गोष्टीच्या शेवटी देव स्वतःलाच वचनात बांधून घेतो की पुन्हा असा जलप्रलय आणणार नाही. जो माणूस प्रत्येक पुराला देवाची शिक्षा म्हणतो, त्याने ही गोष्ट इंद्रधनुष्यापर्यंत वाचलेलीच नसते. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं दगावल्याचा उल्लेख येतो. ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजता का, असं विचारून येशूच त्याचं उत्तर देतो: नाही. पुढे तो ऐकणाऱ्यांना स्वतःकडे बघायला लावतो, हे खरं. मेलेल्यांकडे मात्र बोट दाखवत नाही.

‘देवाच्या मनातलं आपल्याला कळत नाही’ हेही एक उत्तर आहे आणि ते खोटं नाही. ते बिघडतं त्याला जोडून येणाऱ्या ‘झोप आता’मुळे.

मुलाने विचारावं आणि मोठ्यांनी सांगावं, हा क्रम खुद्द बायबलने घालून दिलेला आहे. मिसरातून सुटल्याच्या आठवणीचा वल्हांडण सण कसा पाळायचा ते निर्गमाच्या बाराव्या अध्यायात सांगितलंय, आणि तिथेच म्हटलंय की तुमची मुलं याचा अर्थ विचारतील, तेव्हा त्यांना सांगा. यहोशवा यार्देन नदीच्या पात्रातून बारा धोंडे आणून रचतो, तेही पुढे मुलांनी विचारावं म्हणूनच. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात तर दिनक्रमच दिलाय: घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना या गोष्टी मुलांशी बोला. रविवारी सकाळी नऊ ते दहा असं त्यात कुठे नाही.

या अध्यायाचं कोकणाशी जुनं नातं आहे. सावित्रीची खाडी ओलांडली की रत्नागिरी जिल्हा संपून रायगड लागतो. तिथल्या अलिबागच्या परिसरात बेने इस्राएल हा ज्यू समाज शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवत होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. त्यांच्याजवळ ग्रंथ उरला नव्हता आणि हिब्रू विस्मरणात गेली होती. उरलं ते एवढंच: आठव्या दिवशी मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, शनिवारची विश्रांती आणि ‘शेमा’ या प्रार्थनेचं पहिलं वाक्य. ते वाक्य याच सहाव्या अध्यायातलं आहे. मुलांना घरीदारी सांगत राहा ही आज्ञा त्याच्या लगेच पुढे येते. ती आज्ञा त्यांच्यापाशी लेखी नव्हती, तरी ती पाळली गेली, आणि पाळणारे कुणी शास्त्री नव्हते, घरातली माणसं होती.

त्यांच्या घरचा मलिदा बघावा. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची. ताटात भोवतीने फळं. आणि एलिया संदेष्ट्याचं नाव घेऊन गाणं. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात शिरताना हे ताट मांडलं जातं. एलियाचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर टेकला होता आणि त्याची खूण तिथे आहे, अशी त्यांची श्रद्धा. पोह्यांवर डोळा ठेवून बसलेल्या मुलाने एलिया कोण म्हणून विचारलं की गोष्ट सुरू. कोकणी पोह्यांमधून राजांचं दुसरं पुस्तक शिकवणं ही साधी करामत नाही.

ग्रंथ पुन्हा हाती आला तो मिशनऱ्यांमुळे. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचं काम १८२३ साली सुरू झालं ते बाणकोटला, म्हणजे आजच्या मंडणगड तालुक्यात. पुढे हर्णैलाही शाळा निघाल्या. मुंबईला ज्यांचं नाव झालं ते जॉन विल्सन १८२९ मध्ये मराठी शिकायला हर्णैला येऊन राहिले होते. त्यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. मिशनच्या शाळांमध्ये बेने इस्राएल मुलं मोठ्या संख्येने शिकली, बायबल वाचायला लागली आणि ख्रिस्ती मात्र फारच थोडी झाली. गोष्टी घेतल्या, धर्म आपलाच ठेवला. १८८०च्या दशकात मुंबईत या समाजाने अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या चरित्रांवर चक्क मराठी कीर्तनं उभी केली.

बायबलच्या गोष्टी मराठीत ऐकवण्याची ही रीत मिशनच्याही आधीची. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापून निघालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. ग्रंथाचा प्रारंभ मला फार आवडतो. साष्टीत देवळात मुलांना धर्मपाठ दिला जात असताना एक ब्राह्मण येतो आणि पाद्रीगुरूंना म्हणतो की हे ठीक आहे, पण आमच्या भाषेत पुराण का नाही? पुढेही ऐकणारे मधूनमधून शंका काढतात आणि कथा पुढे सरकते. मुलांना नुसतं पाठांतर देऊन भागत नाही, त्यांना कथा हवी, हे चारशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लक्षात आलं होतं.

मग मुलांना सांगण्याचं हे काम घरातून बाहेर कधी गेलं? १७८०च्या सुमारास इंग्लंडातल्या ग्लॉस्टरमध्ये रॉबर्ट रेक्स यांनी कारखान्यात राबणाऱ्या गरीब मुलांसाठी रविवारची शाळा काढली. मुलांना अक्षरओळख व्हावी हा हेतू. ती कल्पना जगभर गेली, आपल्याकडे शब्बाथशाळा म्हणून रुजली, आणि हळूहळू आईबापांनी हात झटकले. मुलांना देव शिकवायचा तर शब्बाथशाळेच्या बाई आहेतच की! मार्टिन ल्यूथरने १५२९ मध्ये आपली लहान प्रश्नोत्तरावली लिहिली ती मुख्यतः घरच्या कर्त्यासाठी, हे कुणाच्या ध्यानीमनी राहिलं नाही.

तरी अनेक मराठी ख्रिस्ती घरांत कौटुंबिक प्रार्थना अजून टिकून आहे. शेजारी तिन्हीसांजेला शुभंकरोती चाललेली असते. इकडे जेवणाआधी ‘उपासना संगीता’तलं एक गीत, बायबलचा एक उतारा, मग प्रत्येकाची प्रार्थना. कॅथलिक घरात जपमाळ. त्या गीतपुस्तकात पदोपदी भेटणारे कवी नारायण वामन टिळक रत्नागिरी जिल्ह्यातलेच, जन्म १८६१, करजगाव. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अभंग-ओवी टाकली नाही, ख्रिस्ती कीर्तनं केली. पण घरात श्रद्धा कशी उतरते ते त्यांच्या कवितेपेक्षा पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये जास्त दिसतं. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून बायको बदलली नाही. ती वेगळी राहिली, भांडली, सोवळं सांभाळत एकत्र आली, आणि स्वतःच्या मनाने विचार करून १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. ढकलून काही झालं नाही. मुलांच्या बाबतीतही नेमकं हेच होतं, फक्त मुलं ‘स्मृतिचित्रे’ लिहीत नाहीत.

त्याच जिल्ह्यात पालगड आहे, म्हणजे साने गुरुजी आणि ‘श्यामची आई’. अंघोळ झाल्यावर पायाला माती लागू नये म्हणून श्याम अडून बसतो, आई पदर पसरते आणि जाता जाता सांगते की तळवे जपतोस तसं मनही जप. त्या माउलीने अनुवादाचा सहावा अध्याय वाचला असण्याची शक्यता नाही. पण सांगण्याची वेळ तीच.

आता रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या बंदराजवळ राहणाऱ्या घरात मार्कच्या चौथ्या अध्यायातली वादळाची गोष्ट सांगून बघा. बेत श्रद्धेवर प्रवचन देण्याचा असेल तर फसेल. तपशील द्यावे. गालील हा नावाचा समुद्र, खरं तर गोड्या पाण्याचं सरोवर, २१ किलोमीटर लांब आणि १३ रुंद. एवढ्याशा पाण्यात कसली वादळं, असं मूल विचारणारच. मग सांगायचं की ते समुद्रसपाटीच्याही सुमारे २१० मीटर खाली आहे, भोवती डोंगर आहेत आणि वारा वरून एकदम कोसळतो. होडीत पेत्र, आंद्रिया, याकोब, योहान, म्हणजे जन्माने मासेमारीतले गडी. येशू सुताराचा. मार्कने एक बारीक गोष्ट टिपली आहे: होडीच्या मागच्या अंगाला येशू उशीवर डोकं ठेवून झोपलाय. लाटा आत येतायत आणि घाबरलेत ते तांडेल! बंदरावरच्या मुलाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तांडेल घाबरला म्हणजे वादळ खरं आहे.

आणि ते त्याला उठवतात ते हात जोडून नव्हे. आम्ही मरतोय आणि तुला काहीच कसं वाटत नाही, अशी तक्रार करून उठवतात. येशू आधी वारा थांबवतो, मग विचारतो की भ्यालात का. सांगताना पुष्कळजण ही तक्रार गाळतात, कारण ती बरी दिसत नाही. माझ्या मते गोष्टीचा जीव तिथेच आहे. देवावर चिडून बोललं तरी ती प्रार्थनाच असते, हे मुलाला दुसरं कोण सांगणार?

अडचण पुढे येते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. त्या दिवशीही लोकांनी प्रार्थना केली होती आणि वारा थांबला नव्हता. ‘प्रार्थना कर, मिळेल’ असं शिकवलेलं मूल अशा वेळी एक तर देवाला खोटं ठरवतं, नाहीतर स्वतःची प्रार्थना कमी पडली असं मानतं. दुसरं जास्त वाईट. म्हणून इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय पुरता वाचावा. हाबेल, नोहा, अब्राहाम, सारा, मोशे, राहाब अशी विश्वासाने जगलेल्यांची ती यादी शब्बाथशाळेत पाठ होते, सिंहांची तोंडं बंद झाली इथवर. त्यानंतरच्या ओळींत त्याच विश्वासाचे लोक दगडमार खातात, करवतीने कापले जातात, हवं ते न मिळता मरतात. त्यांचा विश्वास उणा होता असं तिथे म्हटलेलं नाही.

कोणत्या वयाला काय सांगावं, यावर वाद जुना आहे. इंग्लंडच्या रोनाल्ड गोल्डमन यांनी १९६४ मध्ये मांडलं की लहान मुलं या गोष्टींचा भलताच अर्थ लावतात, तेव्हा घाई नको. त्याआधी दहा वर्षं रोममध्ये सोफिया कावालेत्ती यांनी माँटेसरी पद्धतीने अगदी लहानांपुढे मेंढपाळ आणि मेंढरं मांडून ठेवली होती आणि मुलांनाच नवल करू दिलं होतं. मला दुसरी वाट पटते, पण निवड हवी. हरवलेलं मेंढरू, जक्कयाचं झाडावर चढणं पाचव्या वर्षी चालेल. अब्राहामाने इसहाकावर सुरा उचलल्याची गोष्ट त्या वयाला सांगून, रात्री बापाच्या कुशीत झोपणाऱ्या पोराची झोप कशाला उडवा? ती तेराव्या-चौदाव्या वर्षी, आपल्यालाही ती पेलत नाही हे कबूल करून सांगावी. प्रलयानंतर नोहा द्राक्षमळा लावतो आणि दारू पिऊन पडतो, हेही तेव्हाच. ज्याला आधी नुसतेच वीर दाखवलेत, त्या पोराला कॉलेजात गेल्यावर कुणीतरी दुसराच ते वाचून दाखवेल.

आईबापांनाही या पुस्तकात आपली माणसं सापडतात. याकोबाने एकट्या योसेफाला झगा शिवला आणि भाऊ त्याच्या जिवावर उठले. पौलाने तीमथ्याला लिहिताना त्याच्या श्रद्धेचं श्रेय आजी लोईस आणि आई युनीके यांना दिलं; वडिलांचा तिथे उल्लेख नाही. लहानग्या शमुवेलाला रात्री हाक ऐकू आली तेव्हा तो तीनदा म्हाताऱ्या एलीकडे धावला. दोनदा एलीने त्याला परत निजायला पाठवलं, तिसऱ्यांदा त्याला उमगलं, आणि त्याने पोराच्या वतीने उत्तर न देता पोरालाच उत्तर द्यायला सांगितलं. परक्याच्या मुलाला इतकं नीट शिकवणाऱ्या एलीचे स्वतःचे दोन्ही मुलगे मात्र वाया गेलेले होते. पुढे शमुवेल म्हातारा झाला, त्याने आपल्या मुलांना न्यायाधीश नेमलं, तर ते लाच खाऊ लागले, आणि लोकांनी ते त्याच्या तोंडावर येऊन सांगितलं.