जलसंरक्षण शिक्षण, प्रायोगिक

पाण्याच्या साठ्यांचे ऱ्हास व प्रदूषण यांपासून रक्षण कसे करावे, याचे ज्ञान मुलांना स्वतः केलेल्या प्रयोगांतून व मोजमापांतून देण्याची पद्धती. परिसर व प्रत्यक्ष काम यांच्या द्वारे शिक्षण देण्याचा विचार महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्धा येथे मांडलेल्या नई तालीम योजनेत आढळतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ मधील आदेशानंतर पर्यावरण शिक्षण शालेय अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग झाले.

यवतमाळ जिल्ह्यातील अरुणावती नदीकाठच्या आर्णीसारख्या भागात या पद्धतीस विशेष महत्त्व आहे. जिल्ह्याचा बराच भाग बेसाल्ट खडकाचा असून भूजल मुख्यतः मुरुमात व खडकाच्या भेगांत साठते. तळाला भोके पाडलेल्या तीन डब्यांत वाळू, मुरूम व काळी माती भरून प्रत्येकात सारखेच पाणी ओतल्यास वाळूतून ते लवकर, तर काळ्या मातीतून फार सावकाश झिरपते. गवत असलेल्या व उघड्या मातीच्या उतरत्या तबकांवर पाणी शिंपडले असता उघड्या मातीवरून अधिक व गढूळ पाणी वाहते. बांधबंदिस्ती का आवश्यक आहे, हे यावरून स्पष्ट होते. १०० चौ. मी. छपरावर १० मिमी. पाऊस पडल्यास १,००० लि. पाणी मिळते, हा हिशोब मुले पर्जन्यमापकाच्या साहाय्याने स्वतः मांडू शकतात.

तुरटीने किंवा निवळीच्या बियांनी गढूळ पाणी निवळते. तथापि नितळ पाणी निर्दोष असतेच असे नाही. जिल्ह्याच्या काही भागांतील भूजलात फ्ल्युओराइडाचे प्रमाण जास्त आहे. फ्ल्युओराइडाला रंग, वास वा चव नसते. पाणी उकळल्याने ते नाहीसे होत नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. पिण्याच्या पाण्यात ते दर लिटरला १ मिग्रॅ. पर्यंत असावे व अन्य स्रोत नसल्यास १·५ मिग्रॅ. पर्यंत चालते, असे भारतीय मानक आहे. याहून अधिक फ्ल्युओराइड दीर्घकाळ पोटात गेल्यास बालपणी घडणाऱ्या दातांवर डाग पडतात व पुढे हाडे विकृत होतात. झिर्कोनियम व ॲलिझरीन यांच्या लालसर विद्रावात असे पाणी मिसळल्यास रंग पिवळटपणाकडे झुकतो. हा विद्राव आम्लयुक्त असल्याने चाचणी शिक्षकाने करावी आणि निष्कर्ष प्रयोगशाळेकडून पडताळून घ्यावा.

पावसाच्या पाण्यात फ्ल्युओराइड अत्यल्प असते. त्यामुळे पुनर्भरणाने विहिरीतील पाणी वाढते व त्याचबरोबर दोषाची तीव्रताही कमी होऊ शकते. पावसाळ्यापूर्वी व नंतर गावातील विहिरींची पातळी आणि गुणवत्ता यांची मुलांनी ठेवलेली नोंद म्हणूनच केवळ शालेय पाठ न राहता, कोणते पाणी प्यावे व कोणते वापरासाठी ठेवावे, हे ठरविण्यास गावालाही उपयोगी पडते.