बाटली बुडते, झाकण तरंगते

मेसमधली पाण्याची रिकामी बाटली घ्या. तिचा एक तुकडा आणि झाकणाचा एक तुकडा कापून बादलीभर पाण्यात बुडवून सोडा. बाटलीचा तुकडा तळाशी राहील, झाकणाचा वर येईल. बाटली 'पेट' या प्लास्टिकची असते. तिची घनता सुमारे 1.38. झाकण पॉलीप्रोपिलीनचे किंवा पॉलीथिलीनचे. त्याची घनता 1 पेक्षा कमी. आपण एकच वस्तू म्हणून टाकतो ती अशी दोन वेगळ्या पदार्थांची निघते. जुन्या प्लास्टिकपासून नवी वस्तू बनवताना पहिली अडचण हीच असते.

पेट कडक, पॉलीथिलीन लवचिक. दोन्ही एकत्र वितळवले तर दोघांचे गुण एका वस्तूत येतील असे वाटते, पण तसे होत नाही. तेल पाण्यात मिसळत नाही, तसे एकाचे बारीक थेंब दुसऱ्यात वेगळेच राहतात. वस्तूवर ताण आला की तडा बहुधा या थेंबांच्या कडेपासून सुरू होतो. म्हणून असे मिश्रण दोन्ही मूळ प्लास्टिकपेक्षा ठिसूळ निघू शकते.

उष्णतेचा प्रश्न वेगळा आहे. पॉलीथिलीन सुमारे 110 ते 130 अंश सेल्सिअसला वितळते, पॉलीप्रोपिलीन सुमारे 165 अंशांना, तर पेटला 250 अंशांच्या आसपास जावे लागते. त्या तापमानाला पॉलीप्रोपिलीनच्या लांब रेणूसाखळ्या तुटू लागतात. पेट ओलसर असेल तर त्याच्याही साखळ्या पाण्यामुळे तुटतात. पीव्हीसीचा थोडा अंश आला तरी त्यातून आम्ल सुटते आणि पेट खराब होते.

यावर तीन उपाय आहेत. माल निवडून वेगळा करणे, वितळवण्यापूर्वी पूर्ण वाळवणे आणि मिश्रण करायचेच असेल तर जोडद्रव्य घालणे. साबण जसा तेलाला आणि पाण्याला एकत्र धरतो, तसे हे द्रव्य काम करते. मॅलेइक अनहायड्राइड जोडलेले पॉलीप्रोपिलीन हे त्याचे नेहमीचे उदाहरण. त्याची साखळी पॉलीप्रोपिलीनमध्ये मिसळते आणि अनहायड्राइडचा भाग पेटच्या साखळीचे टोक पकडतो.

तयार मालाची परीक्षा दोन अंगांनी होते. एक ताकदीची: नमुना ताणून आणि आघात देऊन पाहतात. दुसरी उष्णतेची: नमुन्यावर ठराविक भार ठेवून तेलात मिनिटाला 2 अंश या वेगाने तापवतात आणि तो कोणत्या तापमानाला ठरलेल्या मापाइतका वाकतो ते नोंदवतात. एका परीक्षेत उतरलेला नमुना दुसरीत नापास होऊ शकतो. प्लास्टिकच्या अशा चाचण्या आणि त्यांचे शिक्षण देणारी 'सिपेट' ही केंद्र सरकारची संस्था 1968 मध्ये आपल्या चेन्नईतच, गिंडी येथे सुरू झाली.

निवडता न येणाऱ्या पिशव्या-वेष्टनांसाठी मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी वेगळी वाट काढली. सुमारे 160 ते 170 अंशांना तापलेल्या खडीवर प्लास्टिकचे तुकडे टाकले की ते वितळून खडीवर पातळ थर देतात. त्यावर डांबर घट्ट बसते, पाणी आत शिरत नाही आणि उन्हात रस्ता कमी मऊ पडतो. इथे प्लास्टिकला एकट्याने भार पेलायचा नसतो. तो खडी पेलते. चेन्नईच्या जंबुलिंगम स्ट्रीटवर 2002 मध्ये असा रस्ता झाला. 2018 मध्ये प्रा. वासुदेवन यांना पद्मश्री मिळाली. या कामातही पीव्हीसी वर्ज्यच आहे.

पीव्हीसीची घनता पेटच्या जवळपास असते. दोन्ही पाण्यात बुडतात, त्यामुळे बादलीची युक्ती तिथे चालत नाही. निवड आधीच करावी लागते. वस्तूच्या तळाशी त्रिकोणातला आकडा पाहा: 1 म्हणजे पेट, 3 म्हणजे पीव्हीसी, 5 म्हणजे पॉलीप्रोपिलीन. बराकीतल्या बाटल्यांच्या पोत्यात पाईपचा किंवा वायरच्या आवरणाचा तुकडा जाऊ न देणे एवढे काम प्रत्येक छात्राच्या हातात आहे. पुढे बनणाऱ्या वस्तूची ताकद तिथूनच ठरू लागते.