कार्ड रीडर: वेग अडतो कुठे?

कॅमेऱ्याचं तेच कार्ड एका रीडरमधून चार-पाच मिनिटांत रिकामं होतं, दुसऱ्यातून अर्धा तास घेतं. फाइली कार्ड, रीडर आणि संगणकाचं यूएसबी पोर्ट अशा तीन टप्प्यांतून जातात. अरुंद पुलावर वाहतूक तुंबावी तसा एकूण वेग सर्वांत मंद टप्पाच ठरवतो. यूएसबी २.० रीडर प्रत्यक्षात सेकंदाला ३५ मेगाबाइटच्या आसपास रखडतो. ६४ जीबीच्या भरलेल्या कार्डाला अर्धा तास लागतो तो इथे.

निवड करण्याआधी एसडी कार्ड उलटं करून पाहावं. सोनेरी पट्ट्यांची एकच ओळ असेल, तर ते यूएचएस-१ या वेग-मानकाचं किंवा त्याहून जुनं. यूएचएस-१ची प्रमाणित मर्यादा सेकंदाला १०४ मेगाबाइट. खाली दुसरी ओळ दिसली, तर ते बहुधा यूएचएस-२, म्हणजे ३१२ पर्यंत. यूएचएस-१ रीडरमध्ये मात्र या दुसऱ्या ओळीला टेकणारे संपर्कच नसतात. कार्ड चालतं, पण जुन्याच वेगाने, आणि त्यासाठी मोजलेले जादा पैसे वाया जातात. त्यामुळे दोन ओळींच्या कार्डाला यूएचएस-२ रीडरच घ्यावा आणि तो यूएसबी ३ पोर्टलाच जोडावा. एका ओळीच्या कार्डाला साधा यूएसबी ३ रीडर पुरेसा आहे.