सहा हालचाली, चार दांड्या

एक पेन्सिल घ्या आणि आडवी धरा. हा झाला आपल्या ट्रकचा मागचा ॲक्सल. त्याच्या दोन टोकांना दोन चाकं आहेत असं समजा. आता सांगा बरं, हा ॲक्सल किती प्रकारे हलू शकतो?

वर-खाली, पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे. झाले तीन. एक टोक वर आणि दुसरं खाली करून तो कलतो, हा चौथा. एक टोक पुढे, दुसरं मागे, हा पाचवा. आणि बोटांत धरून जागच्या जागी गरगर फिरवला की सहावा! न वाकणारी कुठलीही वस्तू घ्या, तिच्या सगळ्या हालचाली या सहांतूनच तयार होतात.

चला, आता हा ट्रक अकोले तालुक्यात नेऊ, कळसूबाई आणि रतनगडाच्या मुलखात. कच्चा रस्ता, पावसाने वाहून गेलेली माती आणि उघडे पडलेले काळे धोंडे. एक चाक धोंड्यावर चढलं, दुसरं खड्ड्यात उतरलं, तरी दोन्ही चाकं जमिनीला टेकलेली हवीत. हवेत लटकलेलं चाक नुसतंच फिरतं, गाडीला पुढे ढकलत नाही.

म्हणून ॲक्सलला दोन हालचालींची परवानगी द्यायची: वर-खाली होणं आणि कलणं. बाकीच्या चार बंद! एक टोक मागे राहिलं तर गाडी भलतीकडेच वळेल. शिवाय इंजिन चाकाला पुढे फिरवतं, तेव्हा ॲक्सलचं कवच उलट्या दिशेला फिरू बघतं. तेही रोखायला हवं.

पूर्वी ही सगळी कामं पोलादी पाट्यांकडे, म्हणजे लीफ स्प्रिंगकडे, असत. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉईसची जुनी चिलखती गाडी आहे, तिच्याखाली असेच पाटे आहेत. पाटे वजनही झेलतात आणि ॲक्सलला जागेवरही धरतात. पण इथेच पंचाईत होते. ते मऊ केले तर ॲक्सल नीट धरला जात नाही, ताठ केले तर चाक खड्ड्यात उतरायला तयार होत नाही.

लिंक सस्पेन्शन बनवणाऱ्यांनी कामं वाटून टाकली. वजन झेलायचं स्प्रिंगने, ॲक्सल धरायचा दांड्यांनी. या दांडीला म्हणतात लिंक. तिचं एक टोक चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, दुसरं ॲक्सलला, आणि दोन्ही टोकं हव्या त्या बाजूला वळणारी. दांडी लांब होत नाही की आखूड होत नाही, म्हणून एक दांडी एक हालचाल अडवते. आपल्याला किती बंद करायच्या होत्या? चार. म्हणून दांड्याही चार!

पण त्या कशाही लावून चालत नाही. चौघी सरळ, एकमेकींना समांतर बसवल्या तर एकीचं काम वाया जातं आणि डावी-उजवी हालचाल मोकळीच राहते. म्हणून खालच्या दोन जवळजवळ सरळ ठेवतात आणि वरच्या दोन तिरक्या.

तिरक्या दांड्यांना जागा नसेल तर? मग एक पाचवी, आडवी दांडी लावतात. तिचं नाव पॅनहार्ड रॉड. तिचं एक टोक चासीला पक्कं असल्यामुळे दुसरं टोक कमानीत फिरतं आणि वर-खाली होताना ॲक्सल जरासा बाजूला सरकतो. यावरचं उत्तर फार जुनं आहे. १७८४ मध्ये जेम्स वॅट यांनी वाफेच्या इंजिनासाठी दोन दांड्या आणि त्यांच्यामध्ये फिरणारा एक तुकडा अशी जोडणी शोधली. एका दांडीची कमान दुसरी भरून काढते, आणि मधला बिंदू जवळजवळ सरळ रेषेत जातो. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनच्या मागच्या ॲक्सलला हीच जोडणी आहे. वाफेच्या इंजिनासाठी केलेला विचार आजच्या गाडीखाली काम करतोय, केवढी गंमत!

पण प्रत्येक गाडीला असा ॲक्सल असतोच असं नाही. अहिल्यानगरमध्येच व्हीआरडीई ही डीआरडीओ या संरक्षण संशोधन संघटनेची संस्था आहे. लष्करी वाहनं घडवणं आणि तपासणं हे तिचं काम. तिने टाटा मोटर्सबरोबर आठ चाकांचं चिलखती वाहन बनवलं. त्यात दोन चाकांना जोडणारा अखंड ॲक्सल नाही, प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर-खाली होतं.

आता तुमच्यासाठी कोडं. मागच्या अशा एका चाकाला फक्त वर-खाली जाऊ द्यायचं असेल, तर किती हालचाली बंद कराव्या लागतील? उत्तर काढा. आणि उसाचा ट्रक कारखान्याबाहेर उभा दिसला, तर चालककाकांना विचारून, लांबूनच वाकून बघा: त्याचा ॲक्सल पाट्यांनी धरलाय की दांड्यांनी?